लंडनात राहायला गेलेलं सरकार

लढाई संपली तरी वळिवड्याच्या पोलिश बायका आपल्या मुलखात परत जायचं नाव का काढीनात, याचं माझ्या आजीला शेवटपर्यंत नवल होतं. कोल्हापूरशेजारची ती छावणी १९४३ ला वसली. सुमारे ५,००० माणसं, त्यांत बायका, पोरं आणि म्हातारेच जास्त. स्टालिनच्या पोलिसांनी १९४० च्या सुमारास त्यांना पूर्व पोलंडमधल्या घरांतून उचलून सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. तिथून इराणमार्गे ती इथवर पोचलेली. आजीचे वडील छावणीत दूध घालायचे, ती त्यांच्याबरोबर जायची. ‘त्यांचं सरकार लंडनात ऱ्हायाला हुतं,’ ती सांगायची. ‘मुलूख एकीकडं, सरकार दुसरीकडं. आनि मुलखात बसलंय त्ये आमचं न्हवं, म्हनायच्या.’

आम्ही पोरं हसायचो. पुढे वाचल्यावर कळलं, आजीनं यात पदरचं काहीच घातलं नव्हतं. १९३९ मध्ये जर्मनी आणि रशिया दोघेही पोलंडवर तुटून पडले, तेव्हा तिथलं सरकार आधी फ्रान्सला आणि मग लंडनला गेलं. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन-अमेरिकेनं त्याची मान्यता काढून वॉर्सातल्या, मॉस्कोच्या मर्जीतल्या सरकारला दिली. वळिवड्यातल्या अनेकींची गावं तर सोव्हिएत हद्दीतच गेली होती. छावणी १९४८ पर्यंत रिकामी झाली, माणसं देशोदेशी पांगली. त्या जागी फाळणीनं उखडलेले सिंधी आले. आजचं गांधीनगर ते. लंडनचं सरकार मात्र कुणी विचारत नसतानाही चालू राहिलं. एका राष्ट्राध्यक्षानं जाताना दुसऱ्याचं नाव सांगून ठेवायचं, एवढाच कारभार.

या गोष्टीला छेद द्यायला घरात मामा होते. इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांत त्यांनी लाल बावट्याचं काम केलं. ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्कच्या गोदीत संप झाला, लेक वालेसा नावाचा इलेक्ट्रिशियन पुढारी झाला, तेव्हा त्यांची पंचाईत झाली. राज्य कामगारांचं, गोदीला नाव लेनिनचं, मग संप कुणाविरुद्ध? सॉलिडॅरिटी संघटनेचे वर्षभरात जवळजवळ १ कोटी सभासद झाले, आणि डिसेंबर १९८१ मध्ये जनरल यारुझेल्स्कींनी लष्करी कायदा पुकारून ती चिरडली. मामा म्हणायचे, यामागं अमेरिकेचा पैसा आहे. आजी म्हणायची, ‘१ कोट मानसांस्नी कोन पैसं वाटतंय रं?’

या यारुझेल्स्कींबद्दल मला कुतूहल आहे. काळा चष्मा लावणारा हा जनरल स्वतः १९४१ मध्ये कुटुंबासकट सायबेरियात नेला गेला होता. वडील तिकडेच वारले, बर्फावरच्या उजेडानं डोळे अधू झाले. म्हणजे वळिवड्याच्या बायकांचाच तो जातभाई. त्या दक्षिणेला निघाल्या, तो रशियाच्या आश्रयानं उभ्या राहिलेल्या पोलिश सैन्यात शिरला.

१९८८ च्या संपांनंतर कर्जात बुडालेल्या सरकारपुढे वाटच उरली नाही; मॉस्कोत गोर्बाचेव्ह असल्यानं रणगाड्यांचा भरवसाही नव्हता. फेब्रुवारी ते एप्रिल १९८९ सरकार आणि सॉलिडॅरिटी एका गोल टेबलाशी बसले. ठरलं ते अर्धवटच: कनिष्ठ सभागृहातल्या ६५ टक्के जागा कम्युनिस्ट आणि त्यांच्या साथीदारांना राखीव, उरलेल्या ३५ टक्के आणि १०० जागांचं सिनेट खुलं. मतदान म्हणजे नको त्या नावांवर काट मारायची. ४ जूनला लोकांनी अशी काट मारली की सरकारी पुढाऱ्यांच्या बिनविरोध यादीतलेही ३५ पैकी ३३ जण पडले. दोन्ही फेऱ्या धरून सिनेटच्या ९९ जागा सॉलिडॅरिटीला गेल्या. जुलैत संसदेनं यारुझेल्स्कींना राष्ट्राध्यक्ष केलं तेही जेमतेम एका मतानं. कम्युनिस्टांचे जुने साथीदार पक्ष फुटले आणि ऑगस्टमध्ये तादेऊश माझोव्हिएत्स्की पंतप्रधान झाले. संरक्षण आणि गृह ही खाती अजून कम्युनिस्टांकडेच होती. सप्टेंबरात संसदेत बोलताना माझोव्हिएत्स्कींना भोवळ आली. परतल्यावर ते म्हणाले की माझी अवस्था देशाच्या अर्थव्यवस्थेसारखीच झालीय. बर्लिनची भिंत पडायला तेव्हा अजून दोन महिने होते. फोटो सगळे भिंतीचे निघाले. टेबलाचे कोण छापतो?

लंडनचं सरकार यारुझेल्स्कींच्या हाती काही द्यायला येणार नव्हतं. डिसेंबर १९९० मध्ये वालेसा थेट जनतेच्या मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा २२ तारखेला लंडनचे शेवटचे राष्ट्राध्यक्ष रिशार्द काचोरोव्स्की वॉर्साला आले आणि राष्ट्राध्यक्षांचा ध्वज, शिक्के, १९३५ च्या राज्यघटनेची प्रत असं सगळं त्यांच्या स्वाधीन केलं. मी आजीला हे वाचून दाखवलं. ‘आलं म्हन की घरला,’ एवढंच ती म्हणाली, आणि त्या बायकांतल्या किती जणी असतील, ते विचारत बसली.

मामांना तो सोहळा पटला नाही. दर खुले झाले, महागाई भडकली, कारखाने बंद पडू लागले, ते बोट ठेवून दाखवत. १९९५ मध्ये कम्युनिस्ट सरकारातले माजी मंत्री क्वाश्नेव्हस्की यांनी वालेसांना हरवलं, तेव्हा ‘आमची माणसं परत आली’ म्हणून त्यांनी पेढे आणले. मतदानानं आली, हे आजीनं त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि मगच पेढा घेतला. पुढच्याच वर्षी ग्दान्स्कच्या गोदीचं दिवाळं निघालं. ज्यांच्या संपानं हे सगळं सुरू झालं, त्यांच्याच हातचं काम गेलं. यावर आजीकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडंही नाही. इचलकरंजीचे माग भंगारात निघाले, तेव्हाच्या सभांतून मामा तो दाखला न चुकता देत.