चाळशी आणि नंबर : स्वस्त चष्म्याच्या इतिहासातील दोन टप्पे

चष्म्याला निरनिराळ्या भाषांत जी नावे पडली आहेत ती बहुधा डोळ्यावरून पडलेली आहेत. मराठीत आज सर्वत्र रूढ असलेला 'चष्मा' हा शब्द फारसी 'चश्म' म्हणजे डोळा यावरून आला. संस्कृत 'चक्षु' शब्दाशी त्याचे दूरचे नाते आहे. हिंदी-उर्दूतील 'ऐनक' या शब्दाच्या मुळाशी 'डोळा' याच अर्थाचा अरबी शब्द आहे. 'उपनेत्र' हा संस्कृत शब्द तर उघडच नेत्रावरून घडविलेला आहे. इटालियन व स्पॅनिश भाषांतील शब्दांचीही हीच कथा. या साऱ्यांहून निराळा असा एक शब्द मराठीने चालविला, तो 'चाळशी' हा होय. त्यात डोळ्याचा उल्लेख नाही, काचेचाही नाही. आहे तो केवळ वयाचा.

प्रस्तुत लेखात या शब्दाच्या आधाराने एका व्यावहारिक प्रश्नाच्या इतिहासाचा विचार करावयाचा आहे. तो प्रश्न असा की, ज्याच्यापाशी पैसा बेताचा आहे त्याला आपल्या डोळ्यास योग्य अशी भिंगे कोणत्या मार्गाने मिळत आली? या प्रश्नाची इतिहासाने दोन उत्तरे दिली असून त्या दोहोंची स्मृती आपल्या नित्याच्या बोलण्यात टिकून आहे. पहिल्या उत्तराचा शब्द 'चाळशी', दुसऱ्याचा 'नंबर'.

प्रथम शब्दरूपाचा विचार करू. विशी, तिशी, पन्नाशी, साठी या मालिकेतच 'चाळिशी' हा शब्द बसतो. मधल्या इकाराचा लोप होऊन 'चाळशी' हे रूप सिद्ध झाले. दोन्ही रूपे दोन्ही अर्थांनी योजली जात असली, तरी वयासाठी 'चाळिशी' आणि वस्तूसाठी 'चाळशी' असा कल पुष्कळांच्या बोलण्यात दिसतो. 'चाळशी लागली' या प्रयोगात तर वय, दृष्टीतील बदल आणि चष्मा हे तिन्ही अर्थ एकवटले आहेत. ही कल्पना एकट्या मराठीची नाही. बंगालीत 'चालशे' म्हणजे चाळिशीत जवळचे अंधुक दिसू लागणे. कानडीत 'चाळीसु' हा शब्द आहे. तेलुगूतील 'चाळेश्वरमु' या शब्दात तर परक्या संख्यावाचकाला 'ईश्वर' जोडून त्याला संस्कृताचा पेहराव चढविलेला दिसतो. द्राविडी भाषांत चाळीस या संख्येचे शब्द अगदी वेगळे आहेत; तेव्हा त्यांच्याकडे हा शब्द उत्तरेकडील आर्यभाषांतून गेला हे उघड आहे. शब्द इतका दूरवर गेला त्याअर्थी त्यामागील अनुभव सर्वांच्या ओळखीचा होता, असे म्हणावयास हरकत नाही.

हा अनुभव शरीरशास्त्राने पुढे स्पष्ट केला. जवळची वस्तू पाहताना डोळ्यातील नैसर्गिक भिंग अधिक फुगीर होते. वयाबरोबर ते ताठर होत जाते व त्याची ही शक्ती क्षीण होते. चाळिशीच्या सुमारास पोथी हातभर दूर धरावी लागते ती यामुळे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, हा ऱ्हास बहुतेक सर्व माणसांत जवळजवळ सारख्याच गतीने होतो. म्हणून ज्याची दूरची दृष्टी निर्दोष आहे अशा माणसाचे वय कळले की त्याला वाचनासाठी किती शक्तीचे भिंग लागेल याचा पुष्कळसा अंदाज बांधता येतो. वय हे मापाची जागा घेऊ शकते, आणि मापाचा खर्च वाचला की वस्तू स्वस्त होते.

या तत्त्वाचा व्यापारी उपयोग युरोपात फार लवकर झाला. चष्म्याचा शोध तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत लागला. इ. स. १३०६ मध्ये फ्लॉरेन्स येथे दिलेल्या एका प्रवचनात जोर्दानो दा रिव्हाल्तो या धर्मोपदेशकाने ही कला निघून अद्याप वीस वर्षेही झाली नसल्याचे सांगितले आहे. पुढे दीडशे वर्षांनी, इ. स. १४६२ मध्ये, मिलानचा ड्यूक फ्रांचेस्को स्फोर्झा याने फ्लॉरेन्समधील आपल्या वकिलाला पत्र पाठवून तीन डझन चष्मे मागविले. त्यांतील एक डझन दूरचे पाहण्यासाठी, म्हणजे तरुणांकरिता. एक डझन जवळचे पाहण्यासाठी, म्हणजे वृद्धांकरिता. आणि एक डझन सामान्य दृष्टीसाठी, अशी त्याची मागणी होती. त्याचा पुत्र गालेआत्सो मारिया याने १४६६ मध्ये २०० चष्मे मागविले, त्यांत वयाच्या पाच-पाच वर्षांच्या पायऱ्यांनुसार वर्गवारी सांगितलेली होती. ही पत्रे प्रकाशात आणून त्यांचा अर्थ लावण्याचे कार्य प्रामुख्याने व्हिन्सेंट इलार्दी यांनी केले. ज्यांच्यासाठी हे चष्मे होते त्यांच्यापैकी कोणाचाही डोळा फ्लॉरेन्सच्या कारागिराने पाहिलेला नव्हता. त्याला फक्त वय कळविले होते. राजदरबाराची ही मागणी आणि जत्रेतील फेरीवाल्याची पेटी यांत तत्त्वतः फरक नाही : भिंगे आधी तयार, गिऱ्हाईक नंतर.

आपल्याकडील पुराव्याचा शोध घेण्याचे श्रेय पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्यूरेटर परशुराम कृष्ण गोडे यांच्याकडे जाते. इ. स. १५०० ते १८०० या काळातील भारतीय चष्म्यांच्या इतिहासावरील त्यांचा निबंध १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. विजयनगरच्या दरबारात मान्यता पावलेले माध्व आचार्य व्यासराय यांच्या सोमनाथकृत चरित्रात, म्हणजे 'व्यासयोगिचरिता'त, आचार्य डोळ्यांवर भिंगे लावून ग्रंथ वाचीत असल्याचा जो उल्लेख येतो, त्याकडे गोडे यांनी लक्ष वेधले व तो इ. स. १५२० च्या सुमाराचा ठरविला. पोर्तुगिजांनी गोवे १५१० मध्ये घेतले होते आणि विजयनगराशी त्यांचे दळणवळण होते; त्या वाटेने ही वस्तू आली असणे संभवनीय आहे. आचार्यांचा चष्मा ही अर्थात् राजमान्य पुरुषाच्या हाती आलेली दुर्मीळ चीज होती. 'चाळशी' हा शब्द मात्र दुर्मीळ वस्तूचा वाटत नाही. केवळ शब्दावरून व्यापाराचा पुरावा काढणे धोक्याचे आहे. तथापि, ज्या वस्तूला लोक वयाचे नाव देतात ती वस्तू त्या वयाच्या अनेकांच्या नाकावर दिसू लागलेली असली पाहिजे, एवढे अनुमान संयमाने करता येते.

चाळशीच्या पद्धतीत एक मोठी उणीव होती. दूरचे अंधुक दिसणे हा दोष वयाने ठरत नाही. एकाच वर्गातील दोन मुलांच्या डोळ्यांत तो अगदी निरनिराळ्या प्रमाणात असू शकतो. बुबुळाचा बाक सर्व दिशांना सारखा नसल्यामुळे येणारे दृष्टिवैषम्य तर कोणत्याही गोल भिंगाने पूर्ण दूर होत नाही. वय विचारून भिंग देणाऱ्याजवळ या माणसांसाठी काही नव्हते. सेव्हिल येथील बेनितो दासा दे व्हाल्देस याने १६२३ च्या आपल्या स्पॅनिश ग्रंथात भिंगांच्या शक्तीला अंश लावून मोजमापाचा प्रयत्न केला. परंतु मापाची खरी पद्धत उभी राहिली ती एकोणिसाव्या शतकात. टॉमस यंग याने १८०१ मध्ये स्वतःच्याच डोळ्यातील दृष्टिवैषम्याचे वर्णन केले. जॉर्ज एअरी या ज्योतिर्विदाने १८२५ च्या सुमारास आपल्या डोळ्यासाठी दंडगोलाकार भिंग घडवून घेतले. स्नेलेनचा अक्षरतक्ता १८६२ मध्ये आला. डोंडर्सचा दृष्टिदोषांवरील पायाभूत ग्रंथ १८६४ मध्ये प्रसिद्ध झाला. तोपर्यंत भिंगाचा क्रमांक त्याच्या केंद्रांतराच्या इंचांत सांगत. त्यामुळे क्रमांक मोठा तर भिंग दुबळे असा उलटा व्यवहार होता, शिवाय देशोदेशीचे इंचही निराळे होते. मोनोयेर याने १८७२ मध्ये 'डायॉप्टर' हे एकक सुचविले. केंद्रांतर अर्धा मीटर असेल तर शक्ती दोन डायॉप्टर, असा हा सुटसुटीत हिशेब होता, आणि या शक्तींची बेरीज-वजाबाकीही करता येऊ लागली.

आपण ज्याला 'नंबर' म्हणतो तो हा होय. 'नंबर लागला', 'नंबर वाढला', 'नंबर काढून घेतला' हे प्रयोग 'चाळशी लागली' या प्रयोगाशेजारी ठेवून पाहिले म्हणजे स्थित्यंतर ध्यानात येते. चाळशी वयाबरोबर सर्वांना लागते. नंबर ज्याचा त्याचा असतो, किंबहुना प्रत्येक डोळ्याचा वेगळा असतो. विज्ञानाच्या दृष्टीने ही निःसंशय प्रगती होती. परंतु नंबराबरोबर तपासणारा तज्ज्ञ आला, प्रत्येकासाठी निराळे भिंग घासणे आले, आणि चष्मा महागला. मापाने अचूकता दिली व स्वस्ताई काढून घेतली.

हा पेच राज्यसंस्थेने सोडवावा काय, या प्रश्नाचा सर्वांत गाजलेला प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. ५ जुलै १९४८ रोजी तेथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. डोळ्यांची तपासणी व चष्मा दोन्ही विनामूल्य मिळू लागले. मागणी इतकी उसळली की खर्चाचे अंदाज कोलमडले. ज्यांनी तोवर डोळ्यांवाचून किंवा बाजारातील कशाबशा जुळणाऱ्या चष्म्यावर दिवस काढले होते असे असंख्य लोक रांगेत उभे राहिले. १९५१ च्या अंदाजपत्रकात चष्मे व दातांच्या कवळ्या यांवर आकार बसविण्याचे ठरताच, या सेवेचे शिल्पकार अन्यूरिन बेव्हन यांनी त्या एप्रिलमध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. चष्म्याच्या किमतीवरून मंत्रिमंडळात फूट पडावी ही घटना इतिहासात विरळाच. १९८६ मध्ये सरकारी चष्म्याची जागा गरजूंना द्यावयाच्या दर्शनपत्रांनी घेतली. या प्रयोगातील एक तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने बोलका आहे : सरकारने भिंगे प्रत्येकाच्या नंबराची दिली, काटकसर केली ती चौकटींच्या नमुन्यांत. साध्या, ठराविक घाटाच्या चौकटी सर्वांना सारख्या.

दरम्यान भिंगाचा पदार्थही बदलला. अमेरिकेत १९४० च्या दशकात निघालेले 'सीआर-३९' हे प्लॅस्टिक काचेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचे आहे, आणि ते साच्यात ओतून घडविता येते. त्यामुळे नेहमी लागणाऱ्या नंबरांची भिंगे मोठ्या संख्येने आधीच तयार करून ठेवणे सोपे झाले. दुकानदार तयार भिंग घेऊन केवळ त्याची कड चौकटीच्या मापाने कापतो. मुद्दाम घासून घ्यावे लागते ते मोठ्या वा असाधारण नंबराचे, अथवा दुहेरी दृष्टीचे भिंग. म्हणजे नंबराच्या राज्यात चाळशीचे तत्त्व मागील दाराने परत आले.

ते तत्त्व कोठवर नेता येईल याची परीक्षा अलीकडे भारतातच झाली. बेंगळूरु येथील ११ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांवरील एका प्रयोगात (२०१७ मध्ये प्रसिद्ध) डोळे रीतसर तपासून असे आढळले की, तपासलेल्या मुलांपैकी सुमारे ८६ टक्के मुलांना दोन्ही बाजूंना सारखी शक्ती असलेला तयार चष्मा चालण्यासारखा होता. काही महिन्यांनी पाहता तयार चष्मा मिळालेल्यांपैकी व मुद्दाम घडविलेला चष्मा मिळालेल्यांपैकी तो वापरणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ सारखेच, म्हणजे चारांत तीन, होते. दुसरा प्रयोग आसामातील चहाच्या मळ्यांत झाला (२०१८ मध्ये प्रसिद्ध). चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मजुरांपैकी निम्म्यांना जवळचे पाहण्याचा स्वस्त चष्मा प्रारंभीच देण्यात आला. चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची पाने खुडण्याची क्षमता सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. चाळशी म्हणजे पोथी वाचणाऱ्याची वस्तू, हा आपला जुना ग्रह येथे ढळतो. अक्षरओळख नसलेल्या मजुराच्या रोजीलाही चाळशी लागते.

या दोन प्रयोगांतून निघणारा निष्कर्ष सूक्ष्म आहे. बेंगळूरुच्या मुलांना तयार चष्मा चालला तो तपासणी टाळून नव्हे. कोणाला चालेल व कोणाला चालणार नाही हे तपासणीनेच ठरविले. उरलेल्या १४ टक्के मुलांना तोच चष्मा दिला असता तर त्यांचे डोळे शिणले असते, आणि दोष चष्म्याचा असूनही ठपका मुलाच्या अभ्यासावर आला असता. जुन्या चाळशीने माप वगळून स्वस्ताई साधली. आजची योग्य स्वस्ताई माप आधी घेऊन साधावयाची आहे.

ज्याला आपला चष्मा तुटपुंज्या पैशांत करावयाचा आहे त्याला या इतिहासातून एक कसोटी मिळते. गोल भिंगाची शक्ती, दंडगोलाची शक्ती व त्याचा अक्ष, आणि दोन बाहुल्यांमधील अंतर, ही मापे अचूक असली पाहिजेत व ती लेखी आपल्याजवळ असली पाहिजेत. येथे काटकसर करू नये. माप कागदावर हाती असले म्हणजे एका दुकानाचा दर दुसऱ्याशी ताडून पाहता येतो. चौकटीचा थाट व भिंगावरील चकाकी कमी करणारा लेप या गोष्टी दृष्टी सुधारणाऱ्या नंबराचा भाग नाहीत. अधिक किमतीचे पातळ भिंग मोठ्या नंबरालाच अर्थपूर्ण ठरते. लहान नंबराला साधे प्लॅस्टिकचे भिंग पुरते. लहान मुलांच्या बाबतीत मात्र सहजी न फुटणाऱ्या भिंगासाठी चार पैसे अधिक मोजणे योग्य. आणि वाचनापुरता तयार चष्मा ज्यांच्या दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा आहे व ज्यांना दृष्टिवैषम्य नाही त्यांना बहुधा चालतो. तथापि चाळिशीनंतर डोळ्यांत काचबिंदूसारखे रोग मुकाट्याने वाढू शकतात, आणि ते विकत घेतलेल्या भिंगाला दिसत नाहीत.

'चाळशी' आणि 'नंबर' हे दोन्ही शब्द मराठीत शेजारी शेजारी नांदत आहेत. पहिला सांगतो की ही गरज सर्वांची आहे, दुसरा सांगतो की ती प्रत्येकाची वेगळी आहे. फ्लॉरेन्सच्या कारागिराला यांपैकी पहिली गोष्ट कळली होती. डोंडर्सला दुसरी कळली. बेताच्या पैशांत नीट पाहू इच्छिणाऱ्या माणसाला दोन्ही एकदम कळणे अगत्याचे आहे.