जखम भरून येणे

त्वचेत पडलेली फट शरीराने स्वतः सांधण्याची प्रक्रिया. प्रथम रक्तवाहिन्या आकसतात. बिंबाणू आणि फायब्रिनचे जाळे रक्त थोपवतात. मग पांढऱ्या पेशी जंतू व मृत पेशी हटवतात. पुढच्या काही दिवसांत लालसर, दाणेदार ऊतक तयार होते : नव्या केशवाहिन्या फुटतात, कोलॅजेन साठते, कडांच्या पेशी सरकत पृष्ठभाग झाकतात. व्रणाची मजबुती महिनोन्महिने वाढते, तरी मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांपलीकडे सहसा जात नाही.

या प्रक्रियेवरच्या विश्वासाचा असामान्य दाखला पुण्याजवळचा आहे. १७९२ च्या युद्धात टिपूच्या कैदेत नाक कापल्या गेलेल्या कावसजी या गाडीवानाला वीटकरी जातीच्या एका वैद्याने कपाळाची त्वचा वळवून नवे नाक बसवले. भुवयांमधला त्वचेचा देठ त्याने तोडला नाही. त्यातून रक्त मिळत राहिले. जखमेवर काताच्या ओल्या पट्ट्या, नंतर तुपात भिजवलेले कापड. सुमारे पंचविसाव्या दिवशी, नव्या जागी रक्तपुरवठा जुळल्यावर, देठ कापला. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये हे छापले. एवढ्या कुशल माणसाचे नाव मात्र त्यात नाही, हे फार खटकते. याच वृत्तावरून स्फूर्ती घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली.