शब्दवेध : वक्फ

‘शिक्षा मोकूफ झाली’ असे आपण म्हणतो तेव्हा ज्या अरबी धातूचा आश्रय घेतो, तोच थांबविणे, रोखून धरणे या अर्थाचा धातू ‘वक्फ’च्याही मुळाशी आहे; मालमत्तेची विक्री, बक्षीसपत्र व वारसा कायमचा थांबवून तिचे उत्पन्न तेवढे धर्मकार्यास वा लोककार्यास लावणे, हा त्याचा शास्त्रीय अर्थ. कैरोत १२८४-८५ च्या सुमारास सुलतान कलावूनने उभारलेले बिमारिस्तान, म्हणजे रुग्णालय, अशाच उत्पन्नावर चालले. आणि गरीब-श्रीमंत, स्त्री-पुरुष हा भेद न करता उपचार व्हावेत, उन्हाळ्यात रुग्णांना खजुरीच्या पानांचे पंखे मिळावेत, प्रत्येकाचे अन्न त्याच्या स्वतंत्र, झाकलेल्या पात्रातून यावे, इतका जिव्हाळा त्याच्या वक्फनाम्यात आहे.  पण वास्तूच टिकली नाही, तर हा जिव्हाळाही टिकत नाही; म्हणूनच वक्फच्या उत्पन्नावरचा पहिला हक्क वास्तूच्या डागडुजीचा, लाभार्थींचा वाटा त्यानंतर, हा इस्लामी धर्मशास्त्रातील हनफी परंपरेच्या शास्त्रकारांचा दंडक मला फार दूरदृष्टीचा वाटतो. त्या देखभालीस त्यांची संज्ञा ‘इमारत’. मराठीने तो शब्द उचलला, परंतु केवळ उभ्या वास्तूपुरता.