बालेवाडीचे भाडेकरू

गेल्या दिवाळीच्या आधी मामाकडे गेलो होतो, तर मामी एका केशरी कापडानं खिडकीच्या काचा पुसत होती. नीट पाहिलं तर ती एफसी पुणे सिटीची जर्सी. मामेभावाची. मी म्हटलं, "अगं मामी, हे काय केलंस!" तर मामी म्हणे, "क्लब आहे का आता तुमचा? मग जर्सी ठेवून काय करू? कापड मात्र चांगलं आहे हं, पाणी पटकन शोषतं."

यावर मामेभाऊ काही बोलला नाही, मीही नाही. पण त्या रात्री घरी आल्यावर झोप काही लागेना, म्हणून हे सगळं लिहायला घेतलं.

आमच्या नगरचा (आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं, सवय जाता जात नाही) आणि फुटबॉलचा संबंध काय, असं पुण्या-मुंबईचे नातेवाईक विचारतात. क्रिकेटमध्ये आमची कॉलर ताठ असते. झहीर खान श्रीरामपूरचा, अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातला. फुटबॉल आमच्याकडे आला तो लष्कराबरोबर. भिंगार कॅम्पात रणगाड्यांची फौज, तिथले जवान संध्याकाळी मैदानावर उतरायचे आणि आम्ही पोरं कुंपणाबाहेर उभे. केरळचे, बंगालचे, मणिपूरचे जवान. त्यांची भाषा आम्हाला कळायची नाही, पण चेंडू बाहेर आला की तो परत मारायचा मान आमचा. मामेभावाला हे वेड तिथंच लागलं, आणि त्याच्यामुळे मला.

पुढे तो नोकरीला लागला आणि त्याला कळलं, की पुण्यात चक्क देशपातळीवरचे सामने होतात. मग आमच्या वाऱ्या सुरू झाल्या. माळीवाड्याला एसटी पकडायची, सुपा, शिरूर, रांजणगाव असं करत वाघोलीच्या कोंडीत तासभर शिजायचं, शिवाजीनगरला उतरायचं आणि तिथून पुन्हा बालेवाडी. नव्वद मिनिटांच्या खेळासाठी अख्खा दिवस. मामी म्हणायची, "एवढ्या वेळात पंढरपूर झालं असतं."

बालेवाडीचं ते क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलं, राज्य सरकारच्या मालकीचं. हा मालकीचा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. त्या एका मैदानावर आम्ही पाच-सहा वर्षांत चार क्लब पाहिले, आणि चारही गेले.

पहिला पुणे एफसी. अशोक पिरामल समूहानं २००७ मध्ये काढलेला. २०१२-१३ मध्ये हा संघ आय-लीगमध्ये दुसरा आला, चर्चिल ब्रदर्सच्या खालोखाल. पुण्यातला संघ देशात दुसरा! पण २०१५ मध्ये मालकांनी हात आखडता घेतला आणि संघ संपला. त्याची अकादमी एफसी पुणे सिटीनं घेतली. दुसरा भारत एफसी, कल्याणी समूहाचा. २०१४ च्या अखेरीस जन्म, २०१५ मध्ये एकच मोसम, त्यात शेवटचा नंबर, आणि राम राम. त्याच मोसमात याच मैदानावर पुणे विरुद्ध पुणे असा सामना आम्ही पाहिला होता. कुणाला ओरडायचं तेच समजेना, दोन्हीकडे ओरडून घेतलं. पुढच्या वर्षी दोन्ही नव्हते.

तिसरा डीएसके शिवाजियन्स. चौथा तो मामीच्या हातातला.

शिवाजियन्स हा आधी पुण्यातला एक स्थानिक क्लब. त्यामागे डी. एस. कुलकर्णी उभे राहिले. डीएसके म्हणजे मराठी मध्यमवर्गाच्या घरातलं नाव. टेलिफोनला सुगंध लावून देण्याच्या धंद्यापासून सुरुवात करणारा, मग 'घराला घरपण देणारी माणसं' म्हणून घराघरांत पोचलेला मराठी बांधकाम व्यावसायिक. त्यांची भाषणं लोक तिकीट काढल्यासारखी ऐकायचे. त्यांनी थेट लिव्हरपूलशी करार करून पुण्याजवळ फुटबॉल अकादमी काढली. लिव्हरपूल! आमच्या मामेभावाला तर गणपती घरी आल्यासारखं झालं. २०१५-१६ च्या मोसमात या संघाला आय-लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला. पहिल्याच वर्षी तळाला राहिले, पण कॉर्पोरेट कोट्यातून आल्यामुळे खाली ढकलले गेले नाहीत. मामेभाऊ म्हणायचा, मुलगा नापास झाला तरी डोनेशनवाला आहे, शाळा काढणार नाही.

मग २०१७ उजाडलं. ठेवीदारांचे पैसे परत मिळत नाहीत अशा बातम्या आधी कुजबुजीत, मग पेपरात. ऑक्टोबरमध्ये पुण्यात गुन्हा दाखल झाला. उच्च न्यायालयानं पन्नास कोटी भरायला सांगितले, ते भरले गेले नाहीत, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये डीएसके पती-पत्नीला दिल्लीत अटक झाली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार ठेवीदार तीस हजारांच्या वर आणि रक्कम दोन हजार कोटींच्या घरात. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना जामीन दिला. आरोप हे आरोपच म्हणायला हवेत, पण ठेवीदारांचे पैसे अडकले ही काही कुणाची कल्पना नव्हती. इकडे २०१७-१८ च्या आय-लीगमध्ये शिवाजियन्स दिसलाच नाही.

त्या दिवाळीत (२०१७ च्या) मामाच्या घरी जे झालं ते सांगायला हवं. मामेभाऊ आणि मी ओसरीवर बसून वाद घालत होतो. मी म्हणत होतो, एवढा डोलारा पेलवत नव्हता तर क्लब कशाला काढायचा? तो म्हणत होता, "दादा, निदान फुटबॉलला पैसा लावला की नाही? बाकीचे बिल्डर काय लावतात? लग्नात हत्ती नाचवतात." त्याचं म्हणणं असं, की आपण बघणारे. मालकाचा ताळेबंद बघणं हे आपलं काम नाही. सिनेमाला जाताना निर्मात्याचं कर्ज विचारतो का आपण?

मामा आत सुपारी कातरत बसला होता. मामा म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. फंडाची निम्म्याहून जास्त रक्कम त्यानं नगरमधल्याच एका पतसंस्थेत ठेवली होती, दोन टक्के व्याज जास्त म्हणून. ती संस्था बुडाली. संस्थेचं नाव इथं घेत नाही, नगरकरांना अशी चार नावं सहज सुचतील. मामानं त्याबद्दल घरात कधी आवाज चढवला नव्हता. पण पतसंस्थेच्या कुलूप लावलेल्या शटरसमोर तो दर सोमवारी जाऊन उभा राहायचा, वर्षभर. मीच त्याला दोनदा स्कूटरवर सोडलं होतं.

तर मामा आतूनच म्हणाला, "आमच्या चेअरमननं पण कुस्त्यांचा आखाडा भरवला होता. चांदीची गदा दिली होती. मी टाळ्या वाजवल्या होत्या."

एवढंच. परत अडकित्त्याचा आवाज.

मामेभाऊ उठून बाहेर गेला. मला त्याचा राग नाही आला, मामाचाही नाही, स्वतःचाच आला. कारण शटरसमोर मामाला सोडून आल्यावर त्याच महिन्यात मी बालेवाडीला गेलो होतो, आणि मैदानाभोवतीच्या पाट्यांवरचं नाव वाचताना हा पैसा कसा येत असेल हा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. मालक श्रीमंत आहे यातच आम्ही खूश होतो.

चौथ्या क्लबाची कथा फार वेगळी नाही. एफसी पुणे सिटीमागे वाधवान कुटुंब, म्हणजे डीएचएफएलवालं. २०१७-१८ मध्ये हा संघ आयएसएलच्या उपांत्य फेरीत गेला. बंगळुरूच्या सुनील छेत्रीनं तीन गोल मारून आमचं स्वप्न संपवलं, पण तो मोसम आम्ही विसरलो नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात डीएचएफएलचे हप्ते चुकायला लागले, ऑगस्टमध्ये क्लबची जागा हैदराबाद एफसीनं घेतली, आणि नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेनं डीएचएफएलचं संचालक मंडळच बरखास्त केलं. तिथंही मुदत ठेवीवाले म्हातारे-कोतारे रांगेत उभे. (पुढे हैदराबादही अडचणीत आलं आणि २०२५ मध्ये तो संघ दिल्लीला गेला. पुण्याची गाडी हैदराबादमार्गे दिल्ली!)

पण सगळं खापर बुडालेल्यांवर फोडणंही बरोबर नाही. पिरामल किंवा कल्याणी काही बुडाले नव्हते. मुंबईची महिंद्रा युनायटेड आठवा. १९६२ पासूनचा संघ, २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला. कंपनी ठणठणीत, गाड्या खपत होत्या, तरी २०१० मध्ये संघ बंद. म्हणजे एका मालकाचा पैसा संपतो, दुसऱ्याची हौस संपते, आणि स्टँडमधून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. एका शनिवारी सामना असतो, पुढच्या मोसमात नसतो.

इंग्लंडमध्ये हे असं गुपचूप होत नाही. डर्बी काउंटीचं उदाहरण वाचलं होतं. २०१८ मध्ये त्यांच्या मालकानं क्लबचं स्टेडियम आपल्याच दुसऱ्या कंपनीला आठ कोटी पौंडांच्या वर किमतीला विकलं, हिशेबात नफा दिसावा म्हणून. म्हणजे डाव्या खिशातून उजव्या खिशात. २०२१ मध्ये क्लब प्रशासकाच्या हाती गेला, एकूण एकवीस गुण कापले गेले, संघ खालच्या श्रेणीत घसरला. २०२२ मध्ये गावातल्याच एका बांधकाम व्यावसायिकानं, जो स्वतः तिथला चाहता, स्टेडियम आणि क्लब दोन्ही विकत घेतले. त्या सगळ्या काळात तिथले लोक ताळेबंद वाचत होते, तावातावानं भांडत होते. गवंडी आणि बसचालक घसारा म्हणजे काय ते एकमेकांना समजावत होते.

आमच्याकडे भांडायला होतं काय? चारही क्लब बालेवाडीचे भाडेकरू. विकायला स्टेडियम नाही, म्हणून विक्रीवरून वादही नाही. सामान उचललं, निघाले. एक मोर्चा निघाला नाही. मी तरी कुठं काढला?

मामेभाऊ यावर म्हणतो, बरंच झालं, मैदान मालकाचं नव्हतं म्हणून आज जागेवर आहे. खरं आहे. पण सरकारी म्हणजे सुरक्षित, असं नगरच्या माणसाला पटकन म्हणवत नाही. आमच्या वाडिया पार्कभोवती गाळे उभे राहिले आणि त्यावरून वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले. आणि सभासदांच्या मालकीचं म्हणावं, तर सहकार आमच्याच मातीतला. प्रवरेचा कारखाना विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळांनी १९५० मध्ये उभा केला, शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर. आणि पुढे याच राज्यात कितीतरी सहकारी कारखाने कर्जापायी लिलावात निघाले. ज्यांच्या शेअरवर जमीन घेतली, त्यांना लिलावाची बातमी पेपरातून कळली. जर्मनीत क्लबातली बहुसंख्य मतं सभासदांकडे असतात म्हणून मामेभाऊ फार कौतुक करतो. मामा त्याला म्हणाला, "सभासद मीही होतो रे. वार्षिक सभेला जाऊन पेढा खाल्ला आणि हात वर केला. अहवाल वाचला नाही. छापलेला होता, हातात होता."

असो.

शिवाजियन्सचं एक मात्र सांगायचं राहिलं. त्या अकादमीत मिझोरमचा एक पोरगा होता, लालियानझुआला छांगटे. हे नाव मामाला कधी उच्चारता आलं नाही, तो त्याला 'सांगते' म्हणतो. मे २०२४ मध्ये मुंबई सिटीनं मोहन बागानला कोलकात्यात हरवून आयएसएलचा करंडक जिंकला, तेव्हा तो मुंबईकडून खेळत होता. आम्ही तिघं मामाकडे टीव्हीसमोर. मामेभावानं सांगितलं, "अण्णा, हा शिवाजियन्सचा बरं का. आपल्या बालेवाडीचा."

मामानं चष्मा वर केला, जरा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "पळतो छान. याचे तरी दिले होते का रे त्यांनी वेळेवर?"

मामेभावानं आवाज वाढवला टीव्हीचा.

जर्सी अजून मामीकडेच आहे. परवा फोनवर विचारलं, तर म्हणे धुऊन ठेवली आहे, न्यायची असेल तर ने, पण बदल्यात जुना पंचा आणून दे.