बाळू पालवणकरांची पारख

ओहोटी लागली की आपल्या किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत मुलांचा क्रिकेटचा डाव रंगतो. बघत उभा असलेला एखादा जाणता गृहस्थ एका पोराकडे बोट दाखवून म्हणतो, "याचा हात चांगला आहे." हे म्हणणे सोपे असते. त्या हाताला पुढे कोणते स्थान मिळणार, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आज मला आपल्यापुढे मांडावयाचा आहे तो याच प्रश्नाचा इतिहास.

मी पंडित नव्हे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात अधिक झाले. आयुष्य गेले ते कामगार संघटनेत. आरंभीच्या दिवसांत एका कारखान्यात मला एक तरुण भेटला होता. हजेरीपटावर तो 'हेल्पर' होता. प्रत्यक्षात सहा वर्षे तो यंत्र चालवीत होता, आणि ते बिघडले म्हणजे साहेब त्यालाच हाक मारीत. मी त्याच्या वर्गवारीचा प्रश्न काढला तेव्हा उत्तर मिळाले, "तो हुशार आहे हे आम्हांला ठाऊक आहे." ठाऊक होते, म्हणूनच तर त्याला वापरीत होते! त्या दिवशी मला कळले की, गुण ओळखणे आणि गुणाला न्याय देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुढे बाळू पालवणकरांचे चरित्र वाचताना तो तरुण पुन्हा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

बाळूंचा जन्म 1876 च्या सुमारास धारवाडला, चांभार कुटुंबात झाला. वडील लष्करी खात्यात नोकरीला असल्यामुळे मुलांचे बालपण पुण्याच्या लष्करी परिसरात गेले. साहेब लोकांचा खेळ पाहत, त्यांच्या टाकाऊ साहित्यावर बाळू आणि त्यांचे भाऊ खेळू लागले. पोटासाठी बाळूंनी प्रथम एका पारशी क्लबात मैदान झाडण्याचे आणि खेळपट्टीवर रोलर फिरविण्याचे काम धरले. पगार महिना तीन रुपये. 1892 मध्ये ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे रुपया वाढला, आणि कामही वाढले. खेळपट्टी आखायची, जाळी बांधायची, आणि पुढे साहेबांना सरावासाठी चेंडूही टाकायचे.

येथे त्या हाताची खरी पारख झाली. बाळू डावखुरे संथ गोलंदाज होते. संथ गोलंदाजाची परीक्षा करताना जाणकार काय पाहतो? चेंडू हवा तेथे टप्पा घेतो की नाही, फिरकीची दिशा फलंदाजाला आधी कळते की नाही, हात तसाच फिरत असता वेग बदलतो की नाही, आणि दिवसभर टाकूनही अचूकपणा टिकतो की नाही. बाळूंजवळ हे चारही गुण होते. कॅप्टन ग्रेग हे त्या काळचे नाणावलेले इंग्रज फलंदाज. इतरांच्या आधी तासभर येऊन ते बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाद केल्यास दर खेपेला आठ आणे ते बाळूंना देत, असे सांगतात. म्हणजे परीक्षक उत्तम होता. पण परीक्षा चालली होती ती परीक्षकाच्या फलंदाजीसाठी. त्या सर्व वर्षांत पूना क्लबात बाळूंच्या हाती फलंदाजीसाठी बॅट म्हणून कधी दिली गेली नाही. फलंदाजी साहेबांची, घाम नोकराचा, अशी ती वाटणी होती.

पुढे पुण्याच्या हिंदूंना युरोपियनांशी सामना खेळावयाचा होता. साहेबांच्या जाळीत तयार झालेला हा गोलंदाज आपल्या संघात घ्यावा काय, यावर वाद झाला. त्यांच्या गुणाविषयी कोणाला शंका नव्हती; आडवी आली ती जात. अखेर जिंकण्याच्या इच्छेने विटाळाच्या भीतीवर मात केली, आणि बाळू संघात आले. मैदानावर सर्वजण त्यांनी टाकलेलाच चेंडू झेलीत. चहाची वेळ झाली की मात्र इतरांना कपबशी आत, आणि बाळूंना मातीच्या भांड्यात चहा बाहेर. जेवणाचे पानही वेगळे. चेंडूला विटाळ होत नव्हता, पाण्याला होत होता!

हे ऐकून आपल्या जिल्ह्यातील श्रोत्याला महाडचे चवदार तळे आठवल्याशिवाय कसे राहील? ते तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्येच केला होता. तरीही त्या पाण्याची ओंजळ भरण्यासाठी 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह तेथवर चालत जावे लागले. कागदावरचा ठराव काय किंवा क्लबातली शाबासकी काय, प्रत्यक्ष व्यवहार बदलल्यावाचून दोन्ही पोकळच.

पुण्यात प्लेग आल्यावर बाळू मुंबईस गेले. तेथे रेल्वेत नोकरी आणि हिंदू जिमखान्याकडून खेळ सुरू झाला. 1906 च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरविले, त्या संघात बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम हे दोघेही होते. 1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. पण बाळूंनी त्या दौऱ्यात 114 बळी घेतले, सरासरी एकोणीस धावांहून कमी. वयाची पस्तिशी गाठलेला माणूस परक्या हवेत, परक्या खेळपट्टीवर हा पराक्रम करतो, तेव्हा त्याची आणखी कोणती परीक्षा उरली?

उरली होती ती कर्णधारपदाची. कर्णधार म्हणजे ज्याच्या हुकुमावर इतर दहाजण चालतात तो. बाळूंचा चेंडू चालत होता, हुकूम चालत नव्हता. 1913 मध्ये कर्णधारपद म. द. पै यांच्याकडे गेले. हा मान वास्तविक बाळूंचा होता, असे खुद्द पै यांनी एका सत्कारसभेत सांगितले. हा त्यांचा मोठेपणा. पण कबुली मिळाली तरी पद मिळाले नाही. 1920 मध्ये बाळूंना आरंभी वगळण्यात आले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या बंधूंनी जातीपायी अन्याय होतो म्हणून संघातून अंग काढून घेतले आणि तसे जाहीर केले. आमच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी हत्यारे खाली ठेवली. परिणाम झाला. बाळूंना उपकर्णधार म्हणून बोलाविण्यात आले, आणि पै मैदानाबाहेर गेले तेव्हा संघ त्यांच्या हुकुमावर खेळला. 1923 मध्ये विठ्ठल पालवणकर रीतसर कर्णधार झाले. थोरल्याला नाकारलेले पद धाकट्याला मिळाले ते कोणाच्या दयेने नव्हे, भावांनी मिळून हट्ट धरला म्हणून.

हा दोष आपल्याच देशाचा, असेही नाही. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यात चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात, आणि तरुण पिचर हेरण्यासाठी तेथील संघ पगारी पारखी ठेवतात. सॅचेल पेज या काळ्या पिचरची कीर्ती त्या पारख्यांच्या कानी नव्हती असे नव्हे. तरी गोऱ्यांच्या मोठ्या स्पर्धेचे दार त्याला 1948 मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी उघडले. डोळे उघडे होते, दार बंद होते.

बाळू पुढे राजकारणात उतरले. 1937 च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. त्या मतभेदाची चर्चा येथे नको. 1955 मध्ये ते वारले. प्रथम दर्जाच्या 33 सामन्यांत 179 बळी, हा त्यांचा हिशेब छापलेला आहे आणि तो कोणी पुसू शकत नाही. ज्या हिशेबाच्या रकान्यात कर्णधारपदाच्या जागी शून्य आहे, तो मात्र त्यांचा नव्हे. तो आपला आहे.

माझ्या त्या हेल्परला पुढे ऑपरेटरचा हुद्दा मिळाला, पण त्यासाठी त्याच्या सोबत्यांना अकरा दिवस फाटकाबाहेर बसावे लागले. म्हणून सांगतो, उद्या किनाऱ्यावर एखाद्या पोराचा हात चांगला दिसला, तर तसे म्हणून थांबू नका. त्याचे नाव विचारा, तो कोणत्या वाडीतून येतो ते विचारा, आणि गावाच्या संघात त्याच्यासाठी जागा आहे की नाही, हेही विचारा. आणि तहान लागली असेल तर त्याला आपल्याच पेल्यातून पाणी द्या.