विडी सुटत नाही, यात दोष कोणाचा?

शिरूर आणि दौंड तालुक्यांत व्यसनमुक्तीचे काम करताना आम्हाला एक वाक्य सतत ऐकावे लागते : "मनावर घेतले की सुटते." बोलणारा बहुधा खुर्चीत बसणारा असतो. दौंड जंक्शनवर रात्रपाळी करणारा, रांजणगाव-कुरकुंभच्या एमआयडीसीत कंत्राटावर राबणारा, उसाच्या फडात पहाटेच कोयता घेऊन उतरणारा, यांच्या मनाला नावे ठेवणे सोपे आहे. पण इतिहास वेगळे सांगतो.

तंबाखू पोर्तुगीजांबरोबर या देशात आली आणि जातीच्या चौकटीत बसली. चिलीम फिरायची ती जातभाईंच्याच हातांतून. बहिष्कारालाच 'हुक्कापाणी बंद' म्हणत, यात सगळे आले. धूर ही सोबत होती; तो सोडणे म्हणजे सोबतीतून उठणे. आजच्या टपरीवर वेगळे काय आहे? कंत्राटी कामगाराला पाच मिनिटे बाहेर पडायला चहा-विडीखेरीज निमित्त नसते. सोडू पाहणाऱ्याची खरी परीक्षा त्या पाच मिनिटांत होते.

आमच्या चळवळीचे विडीशी नाते तर पोटाचे. 'जयभीम' हे अभिवादन रूढ करणाऱ्या बाबू हरदासांनी कामठी-नागपूरच्या विडी कामगारांना ठेकेदारांविरुद्ध संघटित केले. १९३९ साली, ऐन पस्तिशीत, ते क्षयाने गेले. विडी कामगारांच्या कामाच्या अटींचा कायदा यायला १९६६ साल उजाडले. जिच्यावर वस्त्यांच्या चुली पेटत होत्या, त्या विडीविरुद्ध बोलणार कोण? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, तंबाखूचे नाव नाही. याचा दाखला देणारे आम्हाला विहाराच्या दारातच भेटतात, हातात पेटती विडी घेऊन! दारू सोडणाऱ्याला वस्ती मान देते, विडी सोडणाऱ्याला म्हणते, "घे रे एक, काय होतंय?" प्रतिज्ञा चारचौघांत घेतली म्हणून तिची लाज राहते. विडी मात्र ज्याने त्याने एकट्याने सोडायची. (बायकांची मशेरी हा तर वेगळ्या लेखाचा विषय.)

शासनाने काहीच केले नाही असे नाही. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी कडक झाली. एप्रिल २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापला. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात सिगारेट ओढणाऱ्या सुमारे ६२ टक्के लोकांनी या इशाऱ्यामुळे सोडण्याचा विचार केल्याचे सांगितले. विडीवाल्यांत हे प्रमाण ५४ टक्के. विचार तर निम्म्याहून अधिकांच्या मनात आला, मग मनोबल नाही असे कसे म्हणायचे? पण सुटी विडी-सिगारेट घेणाऱ्याला पाकीट दिसतच नाही. महाराष्ट्राने सुट्या विक्रीवर बंदी आणली ती सप्टेंबर २०२० मध्ये, आणि ती किती पाळली जाते हे कोणत्याही टपरीवर पाहावे. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा सिगारेटवर उपकर बसला, विडी त्यातून सुटली. गरिबाचा धूर स्वस्तच राहिला. त्याच सर्वेक्षणात डॉक्टरकडे जाऊन आलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्यांनाही कोणी "सोडा" म्हटलेले नव्हते.

येत्या वर्षावासात दौंडच्या एका विहारात एकाच टपरीवरच्या चौघांना आम्ही एकत्र सोडायला बसवणार आहोत. त्यांतला एक आमचाच कार्यकर्ता आहे आणि तो अजून हो म्हणालेला नाही.