हॅलो, माइक टेस्टिंग

‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री’ हे वाक्य मी आजवर शेकडो वेळा ऐकलं आहे, पण ते ऐकून कुणी काही दुरुस्त केल्याचं मला आठवत नाही. टेस्टिंग होतं, नापास झाल्याचं सर्वांना कळतं आणि कार्यक्रम सुरू होतो.

आमच्या शाखेतले मामा निवृत्त झाले तेव्हा असंच झालं. बँकेत शिपायाला मामा म्हणायची जुनी रीत आहे. पण हे मामा खरोखरच साऱ्या शाखेचे मामा होते. त्यांच्या निरोप समारंभाची वर्गणी मी गोळा केली होती. आणि ज्याने वर्गणी गोळा केली त्याच्या माथी सगळा बिघाड, हा आमचा अलिखित नियम. मंगल कार्यालयाचा लहान हॉल घेतला होता. तरुण मंडळींनी हट्टाने डीजे आणवला. आता डीजे म्हणजे वास्तविक तबकड्या वाजवणारा माणूस, पण आपल्याकडे डीजे म्हणजे टेम्पोतून उतरणारी खोकी. त्यातली पुरुषभर उंचीची दोन खोकी स्टेजच्या मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली आणि त्यांच्यापुढे, म्हणजे बरोबर तोंडासमोर, भाषणाची जागा आली.

छत्तीस वर्षांत मामांनी कधी भाषण केलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी शाळेच्या वहीचा फाडलेला कागद खिशातून काढला आणि वाचायला सुरुवात केली. खोक्यांतून ‘घूंऽऽ’ असा खर्ज लागला, जणू आत कुणी भटजी पोथी उघडून बसले आहेत. मामांचा आवाज मुळात मऊ. साहेबांच्या केबिनच्या दारात उभं राहून तो तसा झालेला. डीजेवाल्या पोराने आवाज वाढवला. घूंऽऽ वाढलं. त्याने आणखी वाढवला, तर ‘कुईऽऽ’ अशी किंकाळी उठली आणि पहिल्या रांगेतल्या एक्कावन्न वर्षांच्या हेड कॅशियरनी कानांत बोटं घातली. मामा शेवटपर्यंत वाचत राहिले. कुणालाही एक अक्षर कळलं नाही, म्हणून टाळ्या जरा जास्तच पडल्या. मामांनी कागदाची चौघडी केली, खिशात ठेवली आणि खुर्चीत जाऊन बसले.

पुढे काय झालं ते सांगतो, पण त्याआधी या घूं आणि कुईची कुळकथा ऐका. त्या दिवशी ती मला अर्धीमुर्धीच ठाऊक होती, उरलेली नंतर चिडून वाचून काढली.

लोकमान्यांनी १८९३ साली गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिलं तेव्हा व्याख्यात्याचा माइक म्हणजे त्याचा स्वतःचा गळा. बालगंधर्वही पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायचे ते गळ्याच्याच जोरावर. पण घूंऽऽचा जन्म मात्र तोपर्यंत झालेला होता, तोही टेलिफोनच्या घरी. सुरुवातीच्या टेलिफोनला एकच तार असायची आणि परतीचा रस्ता म्हणून जमीन वापरायचे. काटकसर! पुढे विजेचे दिवे आणि ट्रॅम आल्या. ट्रॅमची वीजही जमिनीतूनच परत जाऊ लागली आणि लोकांच्या बोलण्यात ट्रॅम घुसू लागली. उपाय असा निघाला की परतीलाही तारच द्यायची आणि दोन्ही तारांना पीळ घालायचा. पीळ घातलेल्या जोडतारेचं पेटंट खुद्द ग्रॅहम बेलने १८८१ साली घेतलं.

यातली युक्ती कॉमर्सवाल्याला फार आवडेल अशी आहे. आजच्या चांगल्या माइकच्या केबलमध्येही तेच चालतं. एका तारेतून आवाज सुलटा जातो, दुसरीतून उलटा. बाहेरची घरघर मात्र दोघींत सारखीच शिरते. पलीकडच्या टोकाला उलटी तार सुलटी करून बेरीज केली की आवाज दुप्पट होतो आणि घरघर जमा-नावे होऊन शून्यावर येते. शुद्ध दुहेरी नोंद पद्धत! फक्त ही केबल नीट हवी. तीन पिनांपैकी एक तुटलेली असेल तर हिशेब एकेरी होतो आणि मग बोंब.

आता कुई. पीटर जेन्सन हा डॅनिश गृहस्थ आणि एडविन प्रिडहॅम हा अमेरिकन, अशा दोघांनी कॅलिफोर्नियातल्या नापा गावी खटपट करून १९१५ साली ध्वनिक्षेपक तयार केला. माइक कर्ण्याच्या जवळ होता, त्यामुळे त्या यंत्राने फार लवकर किंकाळी फोडली. माणसाचं मूल जन्मतः रडतं, तसंच हे. त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलसमोर नाताळच्या गर्दीला गाणी आणि भाषण ऐकवलं. कंपनीचं नाव ठेवलं मॅग्नाव्हॉक्स, लॅटिनमध्ये ‘मोठा आवाज’. मूळ गुण आणि अवगुण दोन्ही नावात आले.

किंकाळीचं कारण सोपं आहे. माइक जे ऐकतो ते कर्णा मोठ्याने बोलतो, ते माइक पुन्हा ऐकतो, कर्णा पुन्हा बोलतो. म्हणजे चक्रवाढ व्याज! फेरीला रुपयाचे नव्वद पैसे परत आले तर कर्ज विरून जातं. सव्वा रुपया आला की क्षणात दिवाळं. सोरेन लार्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने याचा उलगडा केला म्हणून याला ‘लार्सन परिणाम’ असंही म्हणतात. आवाज देणाराही डॅनिश, किंकाळीवाला पण डॅनिश. त्या चिमुकल्या देशाचे आपल्या गणेशोत्सवावर किती उपकार आहेत पाहा.

१९१९ च्या सप्टेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन सॅन डिएगोच्या स्टेडियमवर राष्ट्रसंघाची बाजू मांडायला उभे राहिले. समोर सुमारे ५० हजार माणसं, प्रकृती बरी नाही. त्यांना काचेच्या खोलीत उभं करून वर कर्णे लावले होते. वक्ता काचेत, कर्णे बाहेर, म्हणजे कर्ण्याचा आवाज माइकमध्ये परत शिरायची वाट बरीचशी बंद. आमच्या डीजेवाल्याला हे शंभर वर्षांनंतरही सुचलं नव्हतं.

आपल्याकडे स्वातंत्र्यलढ्याच्या सभांना माइक पुरवला तो मुंबईच्या मोटवाने मंडळींच्या शिकागो रेडिओने. गांधीजींच्या आणि नेहरूंच्या जुन्या फोटोंत माइकवर ती पाटी दिसते. लहानपणी माझी ठाम समजूत होती की गांधीजी शिकागोहून बोलत आहेत. गांधीजी अमेरिकेला कधी गेलेच नाहीत, हे कळल्यावर मला थोडं वाईट वाटलं होतं. मग लग्नाच्या मांडवावर, झाडावर, एस.टी. स्टँडवर करडे कर्णे आले. आणि पुढे खोक्यांच्या भिंती आल्या. २००० साली सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले, रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आली. पण दिवसाढवळ्या मामांच्या भाषणात घूंऽऽ करणाऱ्याला अडवणारं कलम त्यात नाही.

तर मी उठून त्या पोराजवळ गेलो.

‘काका, लाइटच खराब आहे इथली,’ तो म्हणाला. ‘अर्थची पिन तोडून टाकू का? घरघर लगेच जाते.’

‘घरघर जाते आणि एखादे वेळी माइक धरणाराही जातो,’ मी म्हणालो. ‘हात लावू नकोस तिला.’

माझ्यापाशी एकच विद्या होती, ताळा न जुळल्यावर वापरायची. संध्याकाळी कॅशमध्ये फरक आला की आम्ही सगळी व्हाउचरं एकदम उलटीपालटी करत नाही. एकेक गठ्ठा बाजूला ठेवतो आणि फरक कुठल्या गठ्ठ्याबरोबर जातो ते बघतो. तसंच केलं. माइक बंद केला, घूंऽऽ तसंच. म्हणजे माइक निर्दोष. लॅपटॉपचा चार्जर काढला, घूंऽऽमधली किरकिर गेली, खर्ज राहिला. रंगीत दिवे बंद केले, थोडं आणखी गेलं. मग वायरींचा माग काढत गेलो. मिक्सर स्टेजवरच्या बोर्डात होता आणि अँप्लिफायर पार आचाऱ्याच्या कोपऱ्यातल्या बोर्डात, भजी तळायच्या कढईशेजारी. दोन बोर्ड, दोन अर्थिंग. दोन्हींत किंचित फरक असला की मधल्या केबलच्या जाळीतून वीज फिरते आणि तिचे सेकंदाला पन्नास हेलकावे खोक्यांतून ऐकू येतात. सगळं एका बोर्डावर आणलं आणि हॉलमध्ये एकदम अशी शांतता झाली की आचारीही वळून बघायला लागले.

खोकी पुढे ओढून श्रोत्यांकडे तोंड करून ठेवली आणि माइक त्यांच्या मागे. मिक्सरवर सतत पेटलेला लाल दिवा विझेपर्यंत गेन खाली आणला. पोरगा म्हणाला, ‘काका, पण मग आवाज बारीक होईल.’

‘होऊ दे. मामांचा तसाच आहे.’

मामा पुन्हा उठायला तयार नव्हते. ‘राहू द्या साहेब, झालं की एकदा. लोकांना जेवायचंय.’ मी त्यांना हाताला धरून नेलं आणि माइक तोंडाजवळ धरायला सांगितलं, नमस्कारासारखा पोटाजवळ नव्हे.

मामांनी कागद उघडला. त्यात अकरा मॅनेजरांची यादी होती, कुणाला चहात किती साखर लागायची त्यासकट. लोक हसले. मग ते म्हणाले की मुलीच्या लग्नाला पतपेढीचं कर्ज हवं होतं तेव्हा दोन जामीनदार लागत होते, एक मिळाला होता, दुसरा मिळेना. क्लिअरिंगला बसणाऱ्या एका साहेबांनी जेवणाचा डबा बाजूला ठेवून सही केली आणि नंतर त्या गोष्टीचा कधी उच्चार केला नाही. मामांनी त्यांचं नाव घेतलं. ते साहेब जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांच्या पत्नी तिसऱ्या रांगेत, पंख्याखाली बसल्या होत्या. त्यांना हे माहीतच नव्हतं. त्यांनी शेजारणीला विचारलं, ‘कुणाचं नाव घेतलं हो?’ आणि शेजारणीने सांगायच्या आत मामांनी ते पुन्हा घेतलं, स्वच्छ.

मामा खाली उतरले. पोरगा माझ्याजवळ आला, लाल दिव्याकडे बोट दाखवून म्हणाला, ‘काका, आता गाणं लावलं तर चालेल ना?’

‘जेवणं झाल्यावर,’ मी म्हणालो.